उपाशी रोड, आजारी रोड

गुरं दोन कारणांनी रोडावतात, उपासमारीनं किंवा आजारानं. उपाशी जनावर घ्यावं, ज्वारीची कोवळी ताटं हातानं भरवावीत, चार महिन्यांत अंग धरतं. आजारी गुराच्या वाटेला जाऊ नये. कोणतं कसं, हे मी बरगडीवर हात ठेवून सांगतो. इथिओपियातल्या हरारच्या या डोंगरात त्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. मला त्याचा माज होता.

माझी अकरा वर्षांची लेक इफ्तू पावसाळ्यात रोडावली. आरोग्यसेविका दोनदा घरी आली. "केंद्रात आणा, तपासू," म्हणाली.

मी हसलो. "बाई, रोडपणा मला नका शिकवू. पोर वाढीला लागलीय, खाणं पुरत नाही तिला."

"एकदा दाखवू या ना," माझी बायको मोमिना म्हणाली. मी तिला दूध-लोणी वाढवायला सांगितलं.

इफ्तूला जाऊन आज चाळीस दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. मोमिना माझ्याशी बोलत नाही. भाकरी पुढ्यात ठेवते आणि उठून जाते. मी खातो, चव कळत नाही.

आज माझ्या दोस्तानं, मुक्तारनं, मला बळंच गुरांच्या बाजारात नेलं.

"इफ्तूचे बाबा, याला बघा जरा!" दलाल सवयीनं ओरडला आणि मग त्यानं जीभ चावली. तांबडा बैल होता, नुसता सापळा. मी बरगडीवर हात ठेवला. कातडं लागलं, खाली हाड लागलं. पुढे काहीच कळेना.

"काय रे, उपाशी की आजारी?" मुक्तारनं विचारलं.

"तू सांग."

"मी? अरे, माझी बायको रुसलीय की झोपलीय तेही मला कळत नाही!"

लोक हसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "उपाशी," मी म्हणून टाकलं, आणि बैल घेतला.

दुपारी घरी आणून त्याला सावलीत बांधला. ताटांची जुडी तोंडाशी धरली. त्यानं दोन घास चघळले आणि खाली टाकले. मी पुन्हा जुडी पुढे केली.

"भूक मेलीय त्याची. भरवलं की खाईल," मी पुटपुटलो. इफ्तूच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो, याच अंगणात.

मोमिना आली. तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली. बैलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक होती.

"याला आधी दाखवा," ती म्हणाली.

चाळीस दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली. मी दावं सोडलं आणि निघालो.

गुरांचा दवाखाना आरोग्य केंद्राला लागूनच आहे. बैल दर दहा पावलांवर थांबत होता. मीही थांबत होतो. पोचलो तेव्हा ऊन अजून उतरलंही नव्हतं.

डॉक्टरनं पापणी पाहिली, पोट चाचपलं, घशात औषध ओतलं. "यकृतात जंत झालेत. जगेल. वेळेवर आणलंत."

मी तिथेच मातीत बसलो आणि मला रडू फुटलं. डॉक्टर गोंधळला. "अहो, जगेल म्हणतोय मी!"

मरायला टेकलेल्या बैलाला घेऊन मला तासभर लागला होता. इफ्तूला पाठीवर घेतलं असतं, तर अर्ध्या तासात पोचलो असतो.