गालांवरचं तेज

सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या गाठीवर, कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या दमेकरी छातीवर फुंकरबाबा एकच फुंकर मारत होते. "गाठ म्हणजे गिळलेला राग," ते सांगत. "मी त्याला नुसतं बाहेर बोलावतो." बाहेर येताना राग वाटेत अडखळू नये म्हणून सोबत पांढऱ्या पुड्या मिळत. रोज एक, न चुकता.

पहिल्या रांगेत शिंपी बसला होता, शेजारी त्याची बायको. तिच्या मानेत, काखेत गाठी उठल्या होत्या, ताप हटत नव्हता, रक्त घटत चाललं होतं. डॉक्टर गाठ काढून तपासू म्हणत होते, तेवढ्यात फुंकर मिळाली. ताप पळाला, काखेतली एक सोडून गाठी बसल्या, भूक खवळली, गालांवर तेज आलं. तेज सगळ्याच भक्तांच्या गालांवर होतं. शिंप्याला ते पक्कं ठाऊक, कारण कॉलरी सैल करायला सगळे त्याच्याकडेच येत. कृपा अंगी लागली, असं कौतुकाने म्हणत तो शिवण उसवायचा.

एका रविवारी त्याची धाकटी बहीण आली. ती रक्तविकारांची डॉक्टर. भावाच्या शिवणाच्या दुकानात बसल्या बसल्या ती गिऱ्हाईकं न्याहाळत राहिली. एकाला दमा, एकीला सांधेदुखी, एकाला खाज. दुखणी निरनिराळी आणि चेहरा एकच, गोल गरगरीत. जाताना तिने वहिनीकडून एक पुडी मागून घेतली आणि प्रयोगशाळेत दिली.

पुडीत स्टिरॉइड निघालं, कुठलीही सूज दाबणारं आणि चेहरा गोल फुगवणारं.

"पण बरी झाली ना ती?" शिंपी चिडला. "तुला आमचं चांगलं बघवत नाही का?"

बहिणीने आवाज चढवला नाही. वहिनीला लसीका ग्रंथींचा एक दुर्मिळ आजार असावा, असा तिचा संशय होता. त्यात गाठींमधल्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं भरमसाट सोडतात. ही शरीरातली निरोप्यांची जात. शत्रू आलेला नसतानाही आला आला म्हणून ती बोंबलत सुटतात, आणि ताप, अशक्तपणा हा सगळा त्या खोट्या लढाईचा खर्च.

"पुडी त्यांच्या तोंडावर उशी दाबते, दादा. बोंबलणारे घरातच राहतात. आणि गाठी बसल्या की आजार ओळखणंही अवघड होतं. मुख्य निरोप्यालाच अडवणारं औषध आहे, पण आधी निदान हवं." पुड्या एकदम बंद करायच्या नाहीत, हेही तिने बजावलं, शरीर त्यांच्यावर टेकलेलं असतं.

पुढच्या बैठकीला बाबा फुंकर मारायला वाकले, तेव्हा शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करत उठला.

"बाबा, तुमचा झगा मीच शिवतो. तुमचा गळा तसूभर वाढला नाही. फुंकर दिवसभर तुमच्याच तोंडात, मग तेज आमच्याच गालांवर का?"

बाबा म्हणाले, आम्ही स्वतःसाठी काही ठेवत नाही. पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. जो तो आपले गाल चाचपत होता, मग शेजाऱ्याचे बघत होता.

मागे येऊन बसलेली बहीण उठून एवढंच म्हणाली, की जे औषध सगळ्याच दुखण्यांवर चालतं, त्यात काय आहे ते आधी विचारा. पुड्या घेऊन दवाखान्यात या. त्या कशा कमी करायच्या ते तिथे सांगू.

शिंप्याची बायको तिच्यामागोमाग जिना उतरू लागली. दाराशी थांबून तिने बाबांकडे वळून पाहिलं.

"उरलेली गाठ आता कापून बघणार आहेत," ती म्हणाली. "आत राग निघाला, तर तुमचा तुम्हाला आणून देते."