आज्याच्या विहिरीचा गाळ

प्रेमानंद माझ्या पाठचा भाऊ. त्येच्या दोन्ही किडन्या गेल्या तवा माझी एक काढून दिली. दिल्यावर बजावलंच, "ही माझी हाय. नीट सांभाळ, खराब केलीस तर गाठ माझ्याशी हाय!" त्यो हसून म्हणायचा, "व्हय अक्का." माझं एकच मागणं होतं, माझा भाऊ जगावा.

डॉक्टरनं बजावलं होतं, "अंगानं ही किडनी परकी म्हणून मारू नये यासाठी गोळ्या आहेत. त्यांनी रोगाशी लढायची ताकदही कमी होते. मातीत, घाण पाण्यात उतरू नका."

औराद तालुक्यातलं आमचं गाव. गावची विहीर आमच्या आज्याला बंद होती, म्हणून वस्तीनं आपली विहीर खांदली. बुद्धपौर्णिमेच्या आधी तिचा गाळ काढतेत. घरटी एक माणूस उतरतोच. यंदा मी शेतातून येते तर काय, हे आमचे प्रेमानंदबाबा पोटरीएवढ्या गाळात उभे, घमेलं वर द्यायलेत!

"आरं मुडद्या, वर ये! कामून उतरलास?"

"अक्का, आपल्या आज्याची विहीर हाय. ती आपल्याला बाधंल व्हय?"

नडगीला दगडानं खरचटलं होतं. त्येच्यावर त्यानं तोच गाळ थापला. वस्तीत सगळेच थापतेत.

जखम काही भरंना. मग डोकं दुखायलं, बोलणं अडखळायलं, फिट आली. आधी मेंदूचा टीबी म्हणून औषध झालं. मग हैदराबादला मेंदूतला बारीक तुकडा काढून तपासला. अमिबा निघाला. मातीत, पाण्यात राहणारा, डोळ्याला न दिसणारा जीव. डॉक्टर म्हणले, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. खरंच, त्याच गाळात उतरलेल्या बाकीच्यांना साधी शिंकबी आली न्हाई. जळतो माझा जीव, पण राग कुणावर काढू?

एक दिवस डॉक्टरनं मला आत बोलावलं. "सरुबाई, मेंदू संपलाय. श्वास मशीनवर आहे. माणूस गेलाय."

मी खाटंशी खाली वाकले. लघवीची पिशवी लटकली होती. हात लावला तर गरम, गच्च भरलेली.

"हे बघा की डॉक्टरसाब! भरायलीय! माझी किडनी काम करायलीय, अन तुम्ही गेला कसा म्हणताव?"

डॉक्टर म्हणले, "किडनीला काहीच झालेलं नाही, ताई. एकदम चांगली आहे."

नीट सांभाळली होती लेकरानं.