एकशे अडुसष्ट दिवसांचा वैमानिक

“आधी गोळ्या, मंग गोष्ट,” कमळा म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला. तळहातावर टीबीच्या तीन गोळ्या होत्या.

“काल त्याच्या यानाले आग लागली होती,” बुधरी म्हणाली. “तो जिता हाये का मेला, येवढं सांग. मंग गिळतो.”

“गिळल्यावर सांगतो.”

“लई कडक हायेस वो तू.”

बुधरीने तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, वरून लोट्यातलं पाणी ओतलं आणि आ करून दाखवला. कमळाने वाकून गालांच्या कोपऱ्यांतसुद्धा पाहिलं. दोन वर्षांपूर्वी याच बाईने महिनाभर गोळ्या गालात धरल्या होत्या आणि आशा वर्कर असलेल्या कमळाची पाठ वळली की कुडामागे थुंकल्या होत्या. तेव्हापासून कमळा कुणाच्या रिकाम्या तोंडावरही विश्वास ठेवत नसे.

“यान जळलं,” ती ऐसपैस बसत म्हणाली, “पण शेखर उडी मारून निंगाला. खाली बर्फाचा ग्रह होता.”

“बर्फ म्हंजे एटापल्लीच्या दुकानात भेटते तो?”

“तोच. पण गावच्या गाव त्याचंच.”

“मंग पायात काई होतं का त्याच्या?”

कमळाने ही गोष्ट शाळेत एका पुस्तकात वाचली होती. पुस्तकात पायांबद्दल काहीच नव्हतं. “बूट होते,” तिने ठोकून दिलं.

“बरं झालं,” बुधरी म्हणाली आणि निवांतपणे भिंतीला टेकली.

त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव कमळाला कधीच कळलं नाही. आश्रमशाळेत आठवीत असताना कपाटामागे पडलेलं ते तिला सापडलं होतं. एका खाणीच्या ग्रहावर शेखर नावाचा पोरगा असतो. सम्राटाची फौज येते, खाणीसाठी गावं उठवते. शेखर पळतो, बंडखोरांना जाऊन मिळतो, एका माणसापुरतं छोटं लढाऊ यान चालवायला शिकतो आणि लढता लढता तुकडीचा प्रमुख होतो. शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानावरची शेवटची ओळ होती, ‘शेखरने यानाचं तोंड वळवलं आणि’. पुढे भोक. तेरा वर्षांच्या कमळाने त्या भोकाकडे महिनाभर टक लावून पाहिलं होतं. पुढे बारावी झाली, सुकलूशी लग्न झालं, दोन पोरी झाल्या, गावची आशा म्हणून चौदा वर्षं बाळंतिणी आणि ताप बघण्यात गेली. शेखरचं मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

डिसेंबरात बुधरीच्या थुंकीत पुन्हा जंतू निघाले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी कमळाला बाजूला घेऊन सांगितलं, “या वेळी मध्येच सोडलं तर पुढे ह्या गोळ्या लागूच पडणार नाहीत. एकशे अडुसष्ट दिवस, एकही दिवस चुकवू नका.” बुधरी एकटी राहणारी, साठीची, हट्टी. पहिल्या दिवशी तिने गोळ्यांकडे पाहून तोंड फिरवलं. समजूत घालून घालून कमळाच्या नाकी नऊ आले आणि वैतागून, काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “एक पोरगा होता, काकी. घर सोडून गेला. लई दूर. बंडखोराईत गेला.”

बुधरीने मान वळवली. “मंग?”

“गोळ्या घे, सांगतो.”

ही मात्रा अशी काही लागू पडली की कमळा स्वतःवरच खूश झाली. त्या दिवसापासून रोज सकाळी तीन गोळ्या आणि शेखरच्या आयुष्यातला एक दिवस. पुस्तकातला मजकूर दीड महिन्यातच संपत आला, तेव्हा तिने पदरचं घालायला सुरुवात केली. संध्याकाळी भात शिजत असताना ती उद्याची लढाई रचायची. “एकटीच काऊन हासून राह्यली?” सुकलू विचारायचा. त्याला काय सांगणार, की आत्ताच शत्रूची चार यानं पाडून आले?

आणि बुधरीचे प्रश्न! बुधरीला लढायांत फारसा रस नव्हता. वर हवा नाही, तर चूल कशी पेटते? रात्र नाही, दिवस नाही, मग झोपायचं कधी हे त्यांना कोण सांगतं? तुकडीत बाया आहेत का? असल्या तर भांडी कोण घासतं? वरचा माणूस रागीट आहे का? एकदा तिने विचारलं, “त्याले आता आपली बोली याद असन का वो, का तिकडचीच बोलते?” कमळा दिवसभर त्या प्रश्नाचा विचार करत राहिली. तिला वाटलं, ही बाई शिकली असती तर कुठल्या कुठे गेली असती.

बुधरीचा खोकला गेला. हाडांवर थोडं मांस आलं. एकशेविसाव्या दिवसाच्या सुमाराला कमळाने शेखरच्या डाव्या दंडाला जखम करून ठेवली. दोन-तीन दिवस नुसता दवाखानाच सांगता येईल, डोक्याला ताप कमी, एवढाच तिचा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्यावर बुधरीने दाराकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि कापडात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आली.

“मोहाच्या बियांचं तेल हाये. घरचं. गरम करून चोळाले सांगजो, डाव्या दंडाले.”

“कोणाले?”

“त्याले.” बुधरीचा आवाज एकदम खाली आला. “कोणाच्या हातानं पोचवते ते मी इचारत नाई. तुह्यावर नाव येऊ देनार नाई. पन पोचव, बाई. त्याले लहानपनापासून दुसरं तेल लागत नाई.”

आता कुठे कमळाला कळलं, बुधरीचा ‘तो’ कोण ते.

बुधरीचा चंदन आठ वर्षांपूर्वी बाजाराला म्हणून गेला तो परतला नव्हता. सतरा वर्षांचा होता. तो कुठे गेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. जंगलात गेलेल्या पोरांबद्दल गावात सरळ बोलायची रीतच नाही. ऐकणारे कान दोन्ही बाजूंचे असतात. कुणाचा पोरगा कुठे दिसला तर त्याच्या आईला सांगतात, तुमची गाय पलीकडच्या कळपात चरत होती म्हणे. आई समजते आणि वासराची चौकशी केल्यासारखी चौकशी करते. मागच्या वर्षी तालुक्यातली काही पोरं बंदुका ठेवून घरी आली. त्यांत चंदन नव्हता. आणि या बाईला चार महिने रोज सकाळी दार लोटून कमळा सांगत होती, की घर सोडून गेलेला तो पोरगा आज इथे होता, आज त्याने हे केलं.

कमळाला स्वतःची शरम वाटली. एवढी मोठी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही? आली नाही, कारण ती शेखरमध्ये रमली होती. आठवीतली पोरगी होऊन बसली होती.

गप्प राहून बाटली घरी नेता आली असती. अठ्ठेचाळीस दिवसच उरले होते. बुधरी बरी झाली असती, मग काय सांगायचं ते सांगता आलं असतं. एक आख्खा दिवस आणि एक आख्खी रात्र कमळाने हेच घोकलं. पण ती बाटली घरात फडताळावर बसली होती आणि कमळाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोळ्या गिळून झाल्यावर तिने बाटली बुधरीसमोर ठेवली. “काकी, शेखर पुस्तकातला हाये. खरा नाई. मी शाळेत वाचलं होतं. पुढचं तं मीच मनानं बनवून सांगून राह्यली.”

बुधरी हसली. “हव. तू असंच म्हनशीन.”

“आईच्यान, काकी. पुस्तकच होतं.”

बुधरीचं हसू हळूहळू उतरलं. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस ते दार उघडलं नाही. कमळा सकाळी जायची, हाका मारायची, आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. कार्डावर तीन चौकोन रिकामे राहिले. चौथ्या दिवशी ती तांबडं फुटताच गेली आणि उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. ऊन अंगणात आलं, कुडावर चढलं. शेजारच्या बाया मोहफुलं वेचून परत आल्या, तिच्याकडे बघत बघत गेल्या. उन्हाने कमळाचं डोकं ठणकायला लागलं. दुपारी दार उघडलं. बुधरी घागर घेऊन बाहेर आली आणि कमळा तिथे नसल्यासारखी तिला वळसा घालून निघाली. चार पावलांवर तिला खोकला आला.

तो खोकला ऐकून कमळा उभी राहिली. “मी खोटी हावो, काकी. मले शिव्या दे. पन मी तुले फसवाले नाई सांगितलं. चंदनचं मले काईच माहीत नाई. कोनी सांगितलं नाई. माहीत असतं तं गोष्ट कायले केली असती? तुह्या कानात येऊन सांगितलं असतं.”

आठ वर्षांत त्या अंगणात चंदनचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. बुधरीने घागर खाली ठेवली. पलीकडच्या कुडामागे चाललेलं बोलणंही थांबलं. कमळाला भीती वाटली, पण आता तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं.

“येक डाव फिरून म्हन,” बुधरी म्हणाली.

“काय?”

“त्याचं नाव.”

“चंदन,” कमळा म्हणाली.

बुधरी घागरीशेजारी खाली बसली. रडली नाही. मातीत बोटाने उगीच रेघा ओढत राहिली. कमळाही तिच्या शेजारी टेकली. बुधरीने विचारलं, “त्या पुस्तकातल्या पोराले माय होती का?”

“नव्हती. बाप खानीत मेलता. मायचं काई लिवलंच नव्हतं.”

“अन् तूई नाई सांगितलं. यानाले पंख किती, ते सांगितलं. बंदुकी किती, ते सांगितलं.” तिच्या आवाजात आता राग होता, चांगला धडधाकट राग. “लिवनाऱ्याले वाटलं असन, पोरगा तसाच पैदा झाला. बुटासगट!”

कमळाला हसू आलं आणि त्याच दमात डोळेही भरून आले.

“आन त्या गोळ्या,” बुधरी म्हणाली.

तिने गोळ्या गिळल्या, आ केला. कमळाने गालांचे कोपरे पाहिले. कामच होतं तिचं. मग ती निघायला उठली. दोन बाळंतिणी आणि एक तापाचा पोरगा सकाळपासून तिची वाट बघत होते.

“बस खाली,” बुधरीने तिचा पदर धरला. “तुले आर्धंच माहीत हाये. आता मी सांगतो.”

कमळा बसली.

“तो लहान होता तवा लई भेकड होता,” बुधरी सांगू लागली. कोण, हे तिने सांगितलं नाही. “उंचावर चढाचं भेव वाटे त्याले. चारोळ्या पिकाच्या दिवसात सारे पोरं झाडावर, अन् हा खाली. वरचे टाकत ते दाने येचून खाये. येक डाव कोनी चिडवलं तं चढला. चढला तं चढला, उतरता येईना. आंगाले कंप सुटला. सारे पोरं पयाले. मले कोनी येऊन सांगितलं, मी धावत गेली. मी काई झाडावर चढू शकत नव्हती, पोटात दुसरं होतं, ते पुढं जगलं नाई. खाली उभी राह्यली. म्हटलं, सोड फांदी. तो म्हने, पडीन. म्हटलं, मी हावो ना खाली. सोड.”

“मंग?”

“सोडली त्यानं.”

बुधरीने दोन्ही हात वर करून दाखवले, असे. तिच्या काटकुळ्या हातांवरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. बोलणं संपलं होतं, तरी तिने ते हात बराच वेळ खाली घेतले नाहीत.