तोफेच्या तोंडी

फुटबॉल क्लबातल्या खेळाडूंचे पाय सांभाळणाऱ्या फिजिओला सगळे 'ताई' म्हणत. कुणाचा स्नायू दगा देणार, हे तिला नुसत्या चालीवरून कळायचं. बोलायची मात्र मोजकं, आणि नव्या प्रशिक्षकाशी तर कामापुरतंही नाही.

हा प्रशिक्षक एकेकाळचा गाजलेला खेळाडू. त्याच्या फटक्यामुळे लोकांनी त्याला 'तोफ' म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजतागायत टिकलं. अठरा वर्षांपूर्वी तो याच क्लबाचा कर्णधार होता आणि ताईचा थोरला भाऊ त्याच्या हाताखाली बचावफळीत खेळायचा. अंतिम सामन्यात मध्यंतरालाच दादाचा गुडघा टम्म सुजला. डॉक्टर नको म्हणत असताना तोफेने त्याला दंडाला धरून उठवलं. "सोंगं पुरे झाली. चल." दादा गेला, आणि दहा मिनिटांत जो पडला तो पुन्हा मैदानावर उतरलाच नाही. तोफेने चषक उंचावला. इस्पितळात काही फिरकला नाही. वर मुलाखतीत सांगितलं, "पाय ठीक होता त्याचा, मन कच्चं होतं."

दादाने पुढे किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं आणि तो विषय सोडून दिला. ताईने सोडला नाही.

तोफेचं प्रशिक्षण म्हणजे एकच मंत्र: आम्ही असे घडलो, तुम्हीही घडा. सामना संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षक गॅलरीच्या पायऱ्या, वर-खाली, चाळीस वेळा. पहिल्याच महिन्यात ताईने त्याला एकदा सांगितलं, "थकलेल्या पायांना हे झेपणार नाही."

"तुझं काम मालिश करायचं," तो हसून म्हणाला.

ती मुकाट्याने खोलीत आली आणि वहीत तारीख घातली. त्यानंतर तिने एक शब्दही काढला नाही. पोरं एकेक करून जायबंदी होत होती, संघ हरत होता, आणि ती कोण, कधी, पायऱ्यांनंतर किती तासांनी, सगळं नीट लिहीत होती. स्वतःच्या हाताने खड्डा खणणाऱ्याला कशाला अडवायचं, असं तिचं म्हणणं होतं.

सलग सातव्या पराभवानंतर प्रेक्षक तोफेच्या नावाने शिमगा करू लागले. अध्यक्षांनी ताईला गाठलं. "मोठं नाव आहे हो. दोष त्याचा की नशिबाचा, तेवढं सांगा. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"येऊ दे की," ताई म्हणाली. "त्यांच्या तोंडावरच सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीसमोर तिने वही वाचली. एकोणीस दुखापती. त्यातल्या चौदा पायऱ्यांच्या दिवशीच्या. आवाज जराही चढला नाही. तोफेचा चेहरा उतरत गेला, तशी ती आणखी सावकाश वाचू लागली.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं. पाय ठीकच होते ना सगळ्यांचे? मनं कच्ची असतील."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ही कुणाची बहीण, ते बहुधा त्याला उमगलं, कारण त्याने मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत त्याची उचलबांगडी झाली होती.

ताई तडक दादाच्या दुकानात गेली आणि सगळं रंगवून सांगितलं. दादा किल्ली घासता घासता ऐकत होता.

"शेवटचा कोण जखमी झाला?" त्याने विचारलं.

"लंबू, आपला गोलरक्षक. मांडीचा स्नायू फाटला. हंगाम गेला त्याचा."

"तुला आधी दिसलं नव्हतं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं. सकाळी पाय ओढत आला होता."

"आणि तू त्याला पायऱ्यांवर जाऊ दिलंस." दादाने यंत्र बंद केलं. "माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस, बाई. मी सांगितलं नव्हतं."

ती घरी आली. तोफेबद्दल तिला रतीभर वाईट वाटत नव्हतं. त्याचा उतरलेला चेहरा आठवला की आतून अजून गार वाटत होतं. पण लंबूचा पाय डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी ती लंबूच्या घरी गेली. तो पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता. तिला पाहून सवयीने त्याने पांघरूण बाजूला केलं. तिने मांडीवर हात ठेवला आणि काहीही न लपवता सांगून टाकलं.

 लंबूने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून तिच्यापासून दूर घेतला.

"त्याला निदान कळत नव्हतं, ताई," तो म्हणाला. "आता दुसरं कुणीतरी बघेन मी."

तिने पांघरूण त्याच्या पायावर सारखं केलं आणि दार ओढून घेतलं. तोफेच्या जागी येणाऱ्या प्रशिक्षकाला काय काय सांगायचं आहे, ते मनाशी जुळवत ती क्लबाकडे निघाली.