वीतभर कापलेले दांडे

मित्रांनो, मी एक जुने स्ट्रेचर आहे. दोन लाकडी दांडे, मध्ये ताणलेले जाड कॅनव्हास आणि तीन पट्टे, एवढाच माझा संसार.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या शहरात झाला. कारखान्यातल्या एका शिंपिणीने माझ्या कॅनव्हासला दुहेरी टीप मारली आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग मी इस्पितळात कामाला लागले. काही वर्षांनी तिथे चाकांची स्ट्रेचरे आली. माझी रवानगी तळघरात झाली. सात वर्षे मी तिथे धूळ खात पडून होते.

एके दिवशी एका नर्सने मला बाहेर ओढले. ती वर्षभर स्वयंसेविका म्हणून परदेशातल्या एका डोंगराळ खेड्यात निघाली होती.

"हे भंगार कुठे नेता?" भांडारवाल्याने विचारले.

"जिथे चाकं चालत नाहीत तिथे," ती म्हणाली.

विमान, बस, ट्रक आणि शेवटचे सहा तास खेचराच्या पाठीवर, असा प्रवास करून आम्ही पोहोचलो. तीस-पस्तीस दगडी घरे होती. खाली उतरायला कड्याच्या कुशीतून जाणारी एकच पायवाट होती. गोठ्यावरच्या एका खोलीत आम्हाला जागा मिळाली. घराच्या मालकिणीला सगळे गाव मावशी म्हणे. ती विधवा होती, साठीची होती आणि तिची जीभ चांगलीच धारदार होती.

नर्सला तिथली भाषा नीट येत नव्हती. पहिल्याच दिवशी पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "मी भूक आहे."

"बरं झालं," मावशी म्हणाली. "मी जेवण आहे. बस."

मावशीचे घर मिळाले, पण गाव काही मिळेना. नर्स उंच होती म्हणून गावाने तिचे नाव 'शिडी' ठेवले. माझे नाव तर त्याहून वाईट होते. त्या गावात आजारी माणसाला पाठीवर बांधून नेत. आडवे न्यायचे ते फक्त मेलेल्याला. मावशीचा धाकटा भाऊ गावचा सुतार होता. त्याने मला पाहिले आणि तो भर चौकात म्हणाला, "ही तिरडी माझ्या दारावरून न्यायची नाही. सांगून ठेवतो."

झाले! माझ्या सावलीलाही कुणी उभे राहीना. नर्सकडे कुणी आलेच, तर बोट कापले म्हणून, तेही मागच्या दाराने. मावशीने मात्र माझा उपयोग शोधला. तिने मला अंगणात आडवे घातले आणि माझ्यावर सफरचंदाच्या फोडी वाळत घातल्या. चार महिने माझ्या अंगावर दुसरे कुणी निजले नाही.

एका दुपारी नर्सने बॅग भरायला घेतली. "मावशी, इथे कुणाला मी नको," ती म्हणाली.

मावशी शेळीचे दूध काढत होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. "शेळीलासुद्धा नव्या हाताची सवय व्हायला वेळ लागतो. ही तर माणसं आहेत. ठेव ती बॅग आणि बादली धर."

नर्सने बादली धरली. बॅग तशीच अर्धी भरलेली राहिली.

त्यानंतर आठवड्याने, सकाळच्या वेळी, सुतार शाळेच्या छपरावरून खाली पडला. फळी निसटली आणि तो दगडी पायरीवर पाठीवर आदळला. नर्स मला खांद्यावर टाकून धावत गेली. तिने त्याच्या पायांना टाचणी टोचली. डाव्या पायाला थोडे कळले, उजव्याला काहीच नाही. तिचा चेहरा उतरला.

तोवर दोन धट्टेकट्टे गडी चादर घेऊन आले. त्याला पाठीवर बांधून खाली रस्त्यापर्यंत न्यायचे त्यांनी ठरवले होते. नर्स त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"पाठीवर नाही! पाठ... तुटली. वाकली तर पाय गेले. कायमचे!" तिला शब्द सापडत नव्हते, म्हणून तिने एक काडी घेतली आणि मोडून दाखवली. मग माझ्याकडे बोट केले. "यावर. सरळ."

सुताराच्या बायकोने किंकाळी फोडली. "जिवंत माणसाला तिरडीवर घालता? आधी माझ्या अंगावरून जा!"

कुणी हलेना. सुतार विव्हळत होता. डोंगरामागून ढग चढत होते आणि पाऊस आला की पायवाट बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. एकाने चादर पुन्हा उचलली.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने पायातल्या चपला काढल्या, पदर खोचला आणि ती सरळ माझ्यावर आडवी झाली.

"उचला," ती म्हणाली.

"वन्सं, हे काय अभद्र!" सुताराची बायको ओरडली.

"उचला म्हणते ना!"

चौघांनी भीत भीत मला उचलले. मावशीने शाळेच्या अंगणाला एक फेरी मारायला लावली. मग ती उठून बसली. "मेले का मी? बघ गं वहिनी, नीट बघ. उद्या मेले तर खुशाल याला दोष दे, आज नाही. आता माझ्या भावाला यावर घाला."

सुताराच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिले. त्याने डोळे मिटून घेतले होते. ती बाजूला झाली.

नर्सने पाच जणांना हात कुठे धरायचे ते दाखवले आणि तिच्या एका इशाऱ्यावर सुतार फळीसारखा सरळ माझ्यावर आला. पट्टे आवळले गेले. आम्ही निघालो. पुढे एक जण करवत घेऊन चालला होता, कारण वाटेत पडलेले झाड असायचेच.

तासाभराने कड्याचे वळण आले. एका बाजूला खडक होता, दुसऱ्या बाजूला दरी. पुढचे दोघे वळले आणि माझ्या दांड्यांची मागची टोके खडकाला अडली. मागे जावे तर पाऊस सुरू झालेला. तिरके करावे तर माणूस घसरणार. एकाचा पाय सरकला आणि दगड खाली गेले. ते कुठे पोहोचले, ते ऐकूच आले नाही.

"वर धरा! सरळ धरा!" नर्स ओरडत होती. तिने स्वतःचा खांदा माझ्याखाली दिला होता.

आणि मग माझ्यावरून आवाज आला. "दांडे लांब आहेत."

सुताराने डोळे उघडले होते. मान हलवता येत नव्हती, म्हणून तो नुसते डोळे फिरवून खडकाकडे पाहत होता.

"मागचे दोन्ही. वीतभर काप," तो करवतवाल्याला म्हणाला. "मुठीला चार बोटं सोडून. घाई करू नकोस, लाकूड फाटेल."

"दादा, तू यावर निजलायस!"

"मला ठाऊक आहे मी कुठे निजलोय. काप."

मित्रांनो, करवतीचे दात अंगात शिरले, तेव्हा मला वेदनेपेक्षा भीती जास्त वाटली. एक दांडा जरी फाटला असता, तर आम्ही सगळेच गेलो असतो. सुतार करवतीचा आवाज ऐकत होता. "हळू... आता थांब. पलीकडून घे." दोन तुकडे दरीत पडले. मागच्यांनी आखूड दांडे धरले आणि आम्ही त्या वळणातून अंगाला अंग घासत बाहेर पडलो.

संध्याकाळपर्यंत सुतार ट्रकमधून इस्पितळाच्या वाटेला लागला. चार महिन्यांनी तो काठी टेकत परतला. उजवा पाय थोडा ओढत असे, पण तो चालत असे. त्याने माझ्या कापलेल्या टोकांना पॉलिश केले. कुणी मला तिरडी म्हटले की तो काठी उगारी. नर्सला आता सगळे 'आमची शिडी' म्हणू लागले. वर्ष संपले, पण ती गेली नाही. अर्धी बॅग तिने कधी रिकामी केली, हे मलाही कळले नाही.

पुढे नऊ वर्षांत मी तेवीस माणसे खाली नेली. मग ट्रकचा रस्ता गावाच्या बराच जवळ आला आणि माझी गरज कमी झाली. कुणी माझ्यावरून बटाटे वाहिले, कुणी शेण. एका पावसाळ्यात मी शाळेमागे भिंतीला टेकून भिजत राहिले. नर्स तेव्हा दोन गावांचे काम बघत होती. आज आत नेऊ, उद्या नेऊ, असे तीही म्हणत राहिली.

एका दुपारी मावशी गोठ्यात कोसळली. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात लुळा पडला होता. नर्सने घड्याळ पाहिले. अशा वेळी मिनिटे मोजायची असतात, हे ती पुरते जाणून होती. मला धावत आणले गेले. मावशीला माझ्यावर घातले आणि चौघांनी उचलले.

टर्रकन आवाज झाला.

माझे कॅनव्हास कुजले होते. टीप उसवत गेली आणि मावशी गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली आली. नर्सने तिचे डोके हातांवर झेलले म्हणून बरे. पाठीवर बांधले तर तिचा श्वास अडेल, असे नर्स म्हणाली; मग गोणीची सुई आणि दोरा शोधण्यात, मला शिवण्यात पाऊण तास गेला. नर्स शिवत होती आणि एकच वाक्य पुटपुटत होती, "मी बघायला हवं होतं. मी बघायला हवं होतं."

मावशी वाचली. पण तिचा उजवा हात कधीच हलला नाही आणि ती धारदार जीभ गेली. आता नर्स तिला भरवते. मावशीला काही सांगायचे असले, की ती नुसती नर्सकडे बघते. कधी नर्सला कळते, कधी नाही.

तो पाऊण तास लवकर निघालो असतो, तर काय झाले असते? डॉक्टरांनी नक्की सांगितले नाही. मी मात्र रोज विचार करते.

हल्ली दर महिन्याच्या पहिल्या दिवशी एकेका घराची पाळी असते. ते मला उन्हात ठेवतात, टाका न् टाका ओढून पाहतात आणि गावातला सर्वांत जड माणूस माझ्यावर निजवतात. मुले हसतात. हसू द्या. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्या वस्तूवर कुणाचा जीव सोपवायचा आहे, तिच्याकडे सुखाच्या दिवसांत बघा. गरज आली की सुई शोधायला वेळ नसतो.