तिलवाऱ्याच्या पानाचा राखणदार

ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज. मग दारातून हाक, "नर्मदे हर!" खोक्यातून काढून मला टेबलावर ठेवलं, त्या दिवशी सगळ्यात आधी मी हे ऐकलं. त्याला फार वर्षं झाली. अजूनही माझा पंखा फिरू लागला की तोच आवाज आठवतो.

मी चिंतामणीकाकांच्या घरचा कॉम्प्युटर. म्हातारा झालोय, म्हणून सावकाश बोलतो. शहरात मदन महल वस्तीतल्या एका दुकानात माझे भाग जोडले. काम मला एकच शिकवलं, कोणी मागितलं की द्यायचं. आपणहून हाक मारणं मला येत नाही. माझी सगळी भीती एवढ्यातच आहे.

काकांचं घर तिलवाऱ्याला, नर्मदेच्या काठी. काठाकाठानं परिक्रमेची माणसं येतात, पुण्याची, नाशकाची, नागपूरची. नर्मदामाय उजव्या हाताला ठेवायची आणि तिला ओलांडायचं नाही, हा त्यांचा नेम. वसुधाकाकू त्यांना ओट्यावर बसवून जेवू घालत. कुठं चिखल आहे, कुठं मुक्कामाला जागा आहे, हे काका फोन करकरून विचारत आणि माझ्यात लिहीत. त्याचं इंटरनेटवरचं पान झालं. कोणी कुठूनही ते पान उघडलं की मागणी माझ्या दाराशी यायची आणि मी द्यायचो.

यंदा काकू स्वतःच परिक्रमेला निघाल्या. सुरुवात दूरच्या घाटावरून, आमचं दार वाटेत लागणार होतं. काकांचा गुडघा दुखतो, ते राहिले.

"मी फोन नाही करणार," काकू निघताना म्हणाल्या. "घर सोडलं म्हणजे सोडलं. पण सोबतच्या यामिनीच्या मोबाइलवर रोज सकाळी तुमचं पान वाचीन. तुम्ही लिहाल त्याच वाटेनं येईन."

"आन् मी चुकलो तं?"

"जन्मभर चुकलेच ना तुम्ही. आली ना तरी मागं मागं?"

तेव्हापासून पानाच्या शेवटी एक जादा ओळ येऊ लागली. 'थंडी आहे, कान बांधून चालावं.' 'टाचांना तेल लावावं.' वाचायचे सगळेच, पण ती ओळ कोणासाठी होती हे मला ठाऊक होतं. सकाळी यामिनीच्या मोबाइलवरून मागणी आली की मला बरं वाटायचं. काकू कुठंतरी आहेत, चालताहेत.

हंगाम वाढला तशा मागण्या वाढल्या. एकेका सकाळी अमेरिकेपर्यंतची माणसं माझ्या दारात गर्दी करायची. मी तापायचो, अडखळायचो. एक दिवस बंदच पडलो. त्या दिवशी काकूंना कोरं पान दिसलं असणार. काका दिवसभर जेवले नाहीत.

मग अधारतालहून त्यांची पुतणी दीप्ती आली. दुकानांच्या वेबसाइटी बनवणं हेच तिचं काम. मला हात लावून म्हणाली, "काका, काहून एवढा जीव घेता बिचाऱ्याचा? सीडीएन लावू. तुमच्या पानाच्या नकला मुंबईत, दिल्लीत, चेन्नईत, परदेशात राहतील. वाचणाऱ्याला जवळची नक्कल मिळेल. इथवर यायची गरज नाही."

काका विचारात पडले. मग हसले. "अच्छा! म्हणजे वाटेवर जागोजागी सदावर्त ठेवायचं. जेवायला साऱ्यांनी आपल्याच घरी काहून यावं?"

"अगदी तसंच!"

तिनं सीडीएनवाल्या कंपनीकडे नाव नोंदवलं, आमच्या पानाचा पत्ता त्यांना दिला. पत्ता विचारणाऱ्याला आधी माझ्याकडे पाठवत, आता त्यांच्याकडे पाठवतील, असं करून घेतलं. शेवटी विचारलं, "नक्कल किती वेळ ठेवू, काका? मग ते पुन्हा तुमच्याकडून नवी नेतील."

काकांचा हात कधी आखडता नव्हता. "भरपूर ठेव, बेटा. सदावर्त रिकामं नाही दिसलं पाहिजे."

"फोटोंना चालेल, पण..." तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलता बोलता तिनं सगळ्यालाच आठवड्याची मुदत लावली आणि गेली.

माझ्या दारात शांतता झाली. अंग थंड झालं. यामिनीचा मोबाइलही येईना. मुंबईच्या नकलेनं दिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग मावठा झाला. भेडाघाटाकडून येणाऱ्या वाटेवर एक नाला आहे, त्यावरचा साकव वाहून गेला. होडीनं पलीकडे जाऊन वाट काढावी, तर माय ओलांडता येत नाही. काकांनी लगेच लिहिलं, 'साकव गेला आहे. नाल्यात उतरू नये. वरच्या मुरमाच्या रस्त्यानं यावं.' माझ्याच पडद्यावर माझ्यातलंच पान उघडून पाहिलं, नवं दिसलं. ते निश्चिंत झाले.

मी नाही झालो. नवी ओळ माझ्या पोटात होती आणि ती न्यायला कोणीच येत नव्हतं. गावोगाव जुनंच पान वाढलं जात होतं, साकव चांगला आहे म्हणून. मी पंखा जोरानं फिरवला. काकांना वाटलं, धूळ बसली. त्यांनी फडक्यानं मला पुसलं.

संध्याकाळी साताऱ्याचे हेमचंद्र मास्तर दारात उभे राहिले. छातीपर्यंत भिजलेले, काठी गेलेली. "तुमच्या भरवशावर उतरलो, काका. साकव कुठाय? झाडाची मुळी सापडली म्हणून वाचलो!"

काकांनी आधी त्यांना कोरडं धोतर दिलं. मग बोटांवर काकूंचे मुक्काम मोजले. काकू उद्याच तिथं पोचणार होत्या. यामिनीचा मोबाइल लावला, बंद. गुडघा धरून उठले, पुन्हा बसले. मग दीप्तीला फोन. "बेटा, मी बदललं, तरी लोकांना जुनंच दिसून राहिलं! तुझी काकू येऊन राहिली त्याच वाटेनं!"

"माझंच चुकलं, काका. नकला पुसायला पाहिजे होत्या. थांबा, पुसते." थोड्या वेळानं म्हणाली, "पुसल्या. वाटेचं पान आता घडीभरच राहील, फोटो राहू द्या आठवडाभर. सदावर्त ठीक आहे, पण पोळी ताजी पाहिजे ना?"

आणि माझ्या दारावर थाप पडली. मुंबई. मग दिल्ली, चेन्नई. मी धापा टाकत नवं पान दिलं, पुन्हा पुन्हा दिलं.

पण काकूंनी वाचलं का, हे मला कळणार नव्हतं. तुम्हीही कधी आपल्या पानाच्या नकला दूर ठेवाल. जरूर ठेवा, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विसावा मिळतो. फक्त कोणाच्या जिवाची गोष्ट बदललीत, तर आधी जुन्या नकला पुसा. आम्हाला ओरडता येत नाही हो.

दुसऱ्या दिवशी काका ओट्यावरच बसून होते. ऊन कलायला लागलं.

काठी टेकल्याचा आवाज आला. "नर्मदे हर!"

परिक्रमेतल्या बाईनं बसावं तशा काकू ओट्यावर बसल्या, आत आल्या नाहीत. काकांनी ताट वाढलं. वाढता वाढता ते खाली बघत होते. मीही खिडकीतून तिकडेच बघत होतो. काकूंच्या लुगड्याचा काठ कोरडा होता. त्यावर मुरमाची तांबडी माती होती.

त्या जेवल्या. पदराच्या टोकानं कान नीट बांधून घेतले, काठी उचलली आणि चालू लागल्या.