पाटीवर उमटलेलं ‘नाही’

सकाळपासून बाबा सारखे ‘थांबा’ म्हणत होते आणि घरातले बिचारे सारखे थांबत होते. पंखा बंद करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी ‘पाणी’ मागितलं. चमचा पुढे नेला, तर तोंड फिरवलं.

“लहर आहे राजांची,” त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला. पण हसलं कुणीच नाही.

बाबांनी उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. आजारात त्यांची वाचा गेली, अंग गेलं, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हुकमात राहिलं. त्या बोटासाठी त्यांच्या मुलीने, घरात सगळे जिला ताई म्हणत तिने, एक पाटी बनवली होती. टॅब्लेटच्या पडद्यावर चार घरं होती: हो, नाही, पाणी, थांबा. उजेड एकेका घरावर क्षणभर टेकायचा आणि पुढे सरकायचा. चौथं घर झालं की पुन्हा पहिलं. हवं ते घर उजळलं की बाबांनी बोटाखालचं बटण दाबायचं. मग पाटी तो शब्द मोठ्याने बोलायची. इतकी साधी गोष्ट, पण घरात बाबांचं बोलणं जे काही उरलं होतं ते या चार घरांत.

ताई प्रोग्रॅमर होती. ही पाटी तिने ओपन सोर्स करून टाकली होती. म्हणजे ज्याला हवी त्याने ती न्यावी, आपल्या पडद्यावर बसवावी, काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत पाठवावी. कुठकुठल्या घरांत आणि इस्पितळांत ती जाऊन पोचली होती. मात्र पाटी ज्या फ्रेमवर्कवर उभी होती, त्याची जुनी आवृत्ती आता बंद व्हायची होती. फ्रेमवर्क म्हणजे घराचा सांगाडा समजा. भिंती आणि दारं आपली, खांब दुसऱ्याचे. खांब बदलले की एकेक दार नव्याने बसवून, उघडून-मिटून बघावं लागतं. ताईने महिनाभर खपून ते केलं होतं. जुनी जी ठिगळं, म्हणजे वेळोवेळी जोडलेल्या ओळी, निरुपयोगी वाटली ती काढून टाकली होती. काल नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली आणि आज सकाळी बाबांच्या टॅब्लेटवरही चढवली.

“तुला आजचाच दिवस सापडला?” धाकट्याने तेव्हाच विचारलं होतं. “दुपारी डॉक्टरीणबाई यायच्यात.”

“पाटीच्या सगळ्या चाचण्या पास झाल्यात, धाकट्या. तू उगाच जीव खाऊ नकोस.”

डॉक्टरीणबाई येणार होत्या त्या बाबांचा निर्णय ऐकायला. गळ्याचं ऑपरेशन केलं तर घास-घोट नीट उतरण्याची आशा होती. पण भूल या वयात सोसेलच याची खात्री नव्हती. धाकट्याला वाटे, करावं. ताईला वाटे, नको. आहेत तसे बाबा डोळ्यांसमोर तरी राहतील. यावरून दोघांत बरीच खडाजंगी झाली होती. शेवटी ठरलं की बाबा म्हणतील ते.

बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, सगळं शांतपणे समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “काका, करायचं ऑपरेशन?”

उजेड सरकत होता. बोट हललं.

“नाही,” पाटी म्हणाली.

“पुन्हा विचारते हं. घाई नाही. करायचं?”

“नाही.”

ताईच्या छातीवरचा दगड उतरला. धाकटा मात्र उठून उभाच राहिला. “हे बाबांचं उत्तर नाही. काल मी विचारलं तेव्हा डोळे कसे चमकले होते त्यांचे!”

“डोळ्यांचं काय धरून बसलास? दोनदा सांगितलं त्यांनी.”

“तुझ्या मनासारखं आलं ना, मग तू कशाला शंका घेशील!”

“भांडू नका त्यांच्यासमोर,” बाई म्हणाल्या आणि कागद पिशवीत घालू लागल्या. “त्यांची इच्छा नसेल तर विषय संपला. मला पुढचा पेशंट बघायचाय.”

“थांबा,” पाटी म्हणाली.

बाई थांबल्या. सगळे बाबांकडे बघत राहिले. बाबांच्या कपाळाची शीर तटतटून फुगली. पुन्हा “थांबा”. आता सगळे आधीच थांबलेले. आणखी कसं थांबायचं?

सगळ्यांच्या नजरा चेहऱ्यावर होत्या. ताईची बोटाकडे गेली. ‘पाणी’वर उजेड आला तसं बोट हललं, हळूहळू खाली जाऊ लागलं. ते बटणावर टेकेपर्यंत उजेड ‘थांबा’वर गेलेला होता.

बाबांना पाणी हवं होतं. सकाळपासून हवं होतं. म्हणजे मघाचं ‘नाही’...

हे दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. बाई पिशवीची चेन लावत होत्या. गप्प बसलं तर बाबा राहणार होते, जसे आहेत तसे, तिच्या डोळ्यांसमोर. ती गप्प बसली. एक श्वास घेण्याइतकीच, पण बसली. मग म्हणाली, “डॉक्टर, जाऊ नका.”

ती बाबांजवळ वाकली. “बाबा, तुम्ही घड्याळं दुरुस्त करायचात ना?”

बोट निघालं, पोचलं.

“नाही,” पाटी म्हणाली.

धाकटा पाटीजवळ आला.

“पाटी चुकतेय,” ताई म्हणाली. “सगळं एक घर पुढे सरकतंय. चूक माझी आहे.”

जुन्या पाटीत एक ओळ होती: उजेड पुढे गेल्यावर लगेच बटण दाबलं गेलं, तर मागचंच घर धरायचं. आजाराच्या पहिल्या दिवसांत, धावपळीत, ती तिनेच लिहिली होती आणि कशासाठी ते लिहून ठेवलं नव्हतं. आवृत्ती बदलताना तिला वाटलं, जुनं फ्रेमवर्क रेंगाळायचं, त्यासाठीचं हे ठिगळ. नवं चपळ आहे, काढा. चाचण्यांनीही हरकत घेतली नाही. चाचणीत बटण यंत्र दाबतं, आणि यंत्राचं बोट वाटेत दमत नाही.

“किती वेळ लागेल?” बाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं.

“थोडाच. काढलेली ओळही जुन्या आवृत्तीत जपलेली असते. धाकट्या, तो लॅपटॉप दे. आणि तुझ्या फोनवरून पाटीच्या वेबपानावर लिही.”

“मी? काय लिहू?”

“लिही, नवी आवृत्ती ताबडतोब काढा, जुनी लावा. काल-आज मिळालेलं प्रत्येक उत्तर पुन्हा विचारून घ्या.”

लिहिता लिहिता धाकट्याचा चेहरा उतरला. “ताई, अशी आणखी किती घरं असतील गं?”

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. एकच शब्द तिने दोनदा चुकवला. ओळ परत बसली. या वेळी तिने वर लिहिलं: हा उशीर बोटाचा आहे, काढू नये. उशिरा बटण दाबणारी एक चाचणीही जोडली. मग टॅब्लेट पुन्हा बाबांसमोर धरला.

“बाबा, घड्याळं दुरुस्त करायचात?”

“हो.”

“हा धाकटा कधी वेळेवर उठलाय?”

“नाही.”

“झाली खात्री,” धाकटा पुटपुटला. बाईंच्या ओठांवर हसू येऊन गेलं. त्यांनी कागद पुन्हा बाहेर काढले आणि ताईकडे पाहिलं. तो प्रश्न तिनेच विचारावा, असं त्या नजरेत होतं.

“बाबा,” ताई म्हणाली. “ऑपरेशन... धोका आहे. तुम्ही कदाचित... तरी करायचं?”

उजेड ‘थांबा’वर होता. तिथून ‘हो’वर आला. बोट निघालं. उजेड ‘नाही’वर सरकला आणि बोट टेकलं.

“हो,” पाटी म्हणाली.

ताईने मान हलवली. बाईंनी कागदावर लिहायला घेतलं. धाकट्याने ताईच्या पाठीवर हात ठेवला.

उजेड फिरतच होता. बोट पुन्हा हललं.

“पाणी,” पाटी म्हणाली.

ताई चमचा आणायला धावली.